मिनिटाला चाळीस बुडबुडे

फुलपाड्यात ऊन उशिरा येते. जीवदानीचा डोंगर त्याला अडवून धरतो, आणि आकाश उजळून बराच वेळ झाला तरी आमच्या इमारतींच्या भिंती राखाडीच राहतात. आमच्या दिवाणखान्याची खिडकी पश्चिमेला आहे, त्यामुळे डोंगरावरून उतरलेले ऊन सरळ आमच्या वाट्याला येत नाही. ते आधी समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, तिथल्या सरकत्या काचांवर पडते आणि तिथून उलटून आमच्या छतावर एक तिरकी पट्टी काढते. शेजाऱ्याकडून उसने आणल्यासारखे ते ऊन. त्यात समोरच्यांच्या खिडकीचे गज असतात, त्यांच्या वाळत टाकलेल्या टॉवेलची सावलीही असते. पट्टी हळूहळू पंख्याच्या पात्यावरून सरकते, कालनिर्णयाच्या खिळ्यापाशी थोडी रेंगाळते, टीपॉयवरच्या दुधाच्या पिशवीवर येते आणि तिच्यावरचे थेंब एकेक करून पेटवते. मध्येच समोरच्या वहिनी खिडकी सरकवतात, तेव्हा आमची सकाळ एकदम दुसऱ्या भिंतीवर जाऊन बसते. मग त्या खिडकी पुन्हा लावतात आणि ती परत येते. शेवटी, सव्वासात-साडेसातच्या सुमारास, ती पट्टी माझ्या टाकीच्या वरच्या काठाला टेकते. टाकीचे निळे दिवे दहाला लागतात. तोपर्यंत आतले प्रवाळ मिटलेले, मातकट, कुणाच्याही नजरेत न भरणारे असतात. मला ते त्याच वेळी अधिक आवडत आले आहेत.

त्या उजेडात लहान स्टुलावर बसून मी रोज पाणी तपासायचो. पाच मिलिलिटर पाणी, त्यात सिरिंजने रिएजंटचा, म्हणजे तपासणीच्या रसायनाचा, थेंब थेंब, आणि निळ्याचे पिवळे होईपर्यंतची वाट. जो आकडा येई त्याला आम्ही छंदवाले ‘केएच’ म्हणतो. पाण्यात प्रवाळांना हाडे बांधण्यापुरता क्षार आहे की नाही हे तो सांगतो. माझा आकडा आठ असायला हवा होता. रोज आठ, फार तर आठच्या पुढे एखाद-दोन दशांश.

वसईतल्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत मी नोकरी करतो. बोलण्यापेक्षा मोजणे मला सोपे जाते. चार माणसांत माझा आवाज घशातच कुठेतरी वाट चुकतो. पण काचेच्या नळीतला रंग नेमक्या कोणत्या थेंबाला बदलला हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. कदाचित म्हणूनच समुद्रापासून आठ किलोमीटरवर, दुसऱ्या मजल्यावर, चार फुटी काचेत समुद्र सांभाळण्याचे वेड मला लागले.

त्या वर्षी या वेडाला एक निश्चित ध्येय मिळाले. वसईजवळच्या गासला फर्डिनंड अंकल राहतात. त्यांच्या वाडीत केळी आहेत, पानवेली आहेत, आणि बैठकीच्या खोलीत बारा वर्षांची प्रवाळांची टाकी आहे. त्या टाकीच्या मधोमध ताटलीएवढे एक फांद्याफांद्यांचे जांभळे प्रवाळ. परदेशात शेती करून वाढवलेला, कागदपत्रांसह आलेला अंगठ्याएवढा तुकडा त्यांनी बारा वर्षांत तेवढा केला होता. आता गुडघे थकले होते, लेक ब्रिटनी मेलबर्नला बोलवत होती आणि अंकल टाकी मोडणार होते. ते प्रवाळ कुणाला द्यायचे, हा प्रश्न होता. मागणारे पुष्कळ होते. मी मागितले नव्हते. त्यांच्या टाकीसमोर फक्त जास्त वेळ उभा राहिलो होतो.

“तुला हवंय ना?” त्यांनी मागून विचारले.

मी मान हलवली.

“तोंडाने बोल की. मासे पण तुझ्यापेक्षा जास्त तोंड उघडतात.”

“हवंय, अंकल.”

“मग ऐक. याला बाटलीतून क्षार घालून चालत नाही. आज विसरलास, उद्या दुप्पट घातलास, की गेलं. रिॲक्टर लाव. आणि राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रोज वही लिही. आकडा हलता कामा नये. आम्ही चाळीस दिवस मटण सोडतो, तू थापा सोड.”

निघताना त्यांनी त्या प्रवाळाची एक नखाएवढी फांदी मला कसोटीसाठी दिली.

रिॲक्टर म्हणजे काय, हे आईला समजावताना मला अंकलचेच शब्द उपयोगी पडले. त्यांचे आजोबा शिंपल्या भाजून चुना करीत. रिॲक्टर तेच काम विस्तवाशिवाय करतो. एका उभ्या नळीत चुनखडीचे पांढरे खडे भरायचे, त्यातून टाकीचे पाणी फिरवायचे आणि त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे. सोड्यासारखे आंबूस झालेले पाणी खडे विरघळवते, आणि तो विरघळलेला चुना थेंबाथेंबाने टाकीत परततो. बुडबुडे कमी पडले तर प्रवाळ उपाशी राहतात; जास्त झाले तर त्यांची कोवळी टोके जळतात.

“घरातला गॅस संपत आला तर पुढचा सिलिंडर कधी येईल सांगता येत नाही,” आई म्हणाली, “आणि हा माशांसाठी सिलिंडर आणतोय. तेही न खायच्या!”

ते यंत्र मी माझ्या हातांनी बांधले. दीड फुटाची ॲक्रिलिकची नळी, वर-खाली चकत्या, रबरी रिंगा, आठ स्क्रू. भोके पाडताना पहिली चकती तडकली. दुसरी तडकली नाही. जोड चिकटवून, पाणी भरून, खाली वर्तमानपत्र अंथरून मी दोन दिवस ते तसेच ठेवले. वर्तमानपत्र कोरडे राहिले. आयुष्यात मी फार थोड्या गोष्टी पूर्ण केल्या आहेत, आणि त्या कोरड्या वर्तमानपत्राएवढा आनंद त्यांतल्या एकीनेही दिला नव्हता.

बाबा हे सगळे सोफ्यावरून पाहत होते. वालीवच्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षे वेल्डिंग केले. दोन वर्षांपूर्वी मालकाने कारखाना बंद केला, तेव्हापासून ते घरी असत. पेपर वाचत, दुपारी खाली जाऊन बाकावर बसत, आणि संध्याकाळी उगाचच घराच्या कड्याकोयंड्यांना तेल घालत. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, त्यावरचा रेग्युलेटर, गॅसची नळी ही सारी त्यांच्या कामातली हत्यारे. मी सिलिंडर घेऊन घरात शिरलो तेव्हा ते उठून उभे राहिले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर कामाला निघालेल्या माणसाचे भाव दिसले.

“काय रे विघ्नेश, माशांना वेल्डिंग शिकवतोस काय?”

“बाबा, हे वेगळं असतं.”

“वेगळं कसं असेल? गॅस तो गॅसच.” त्यांनी जोडांवर साबणाचा फेस लावून गळती तपासली. मग बुडबुडे मोजायच्या काचनळीकडे न पाहता गॅसची बारीक नळी काढली आणि तिचे तोंड गालाजवळ धरून डोळे मिटले. कारखान्यात ते असेच करीत. गॅसची झुळूक गालाला किती लागते त्यावरून प्रवाह ओळखीत. “जास्त आहे,” ते म्हणाले. “आणि रात्री बंद करत जा. सिलिंडर उघडा ठेवून झोपायचं नसतं.”

“मिनिटाला चाळीस बुडबुडे आहेत. हिशोब केलाय मी. आणि हा बंद करायचा नसतो, बाबा. चोवीस तास चालतो. तुमच्या कारखान्यासारखं नाही ते.”

त्यांनी नळी होती तशी जोडली, फेस फडक्याने पुसला आणि पेपर उघडला. त्यांच्या कारखान्याचा तो नियम मला लहानपणापासून ठाऊक होता. सर्वांत शेवटी निघणाऱ्याने सिलिंडर बंद करायचा आणि त्याच्या पाठीवर खडूची एक रेघ ओढायची. सकाळी पहिल्या येणाऱ्याने रेघ पाहूनच पुढचे काम सुरू करायचे. शेवटी निघणारे आणि पहिले येणारे बहुधा बाबाच असत. वसईतले माझे बालपण बाबांच्या खिशातल्या खडूच्या भुकटीने माखलेले आहे. आई त्यावरून त्यांना ‘मास्तर’ म्हणे.

पहिला आठवडा सूर लावण्यात गेला. मी झडप केसभर फिरवून पाहिली. पस्तीसला आकडा घसरला, चाळीसला थांबला. राखेच्या बुधवारी मी वहीत पहिली नोंद केली: आठ. दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशी आठ पूर्णांक एक. सकाळी सातला मी बुडबुडे मोजी, चाळीस. रात्री साडेनऊला झोपण्याआधी मोजी, चाळीस. कसोटीच्या फांदीने खडकावर पाय पसरला. जिथे तिचे टोक होते तिथे पांढुरका, नवा, जेमतेम दिसणारा मिलिमीटरभर वाढीचा अंकुर आला. वहीतली आकड्यांची ओळ भिंत बांधताना ताणलेल्या दोरीसारखी सरळ होती. मला अभिमान वाटत होता. तो मी कुणाजवळ बोललो नाही. पण प्रयोगशाळेत माझी पाठ थोडी ताठ झाली होती हे सहकारी जागृतीच्याही लक्षात आले. “लग्न ठरलं काय?” तिने विचारले. मी हसून टाळले.

पहाटे कधी कधी अर्धवट झोपेत मला दिवाणखान्यात पावले वाजल्यासारखे वाटे. टाकीखालच्या, सिलिंडर ठेवलेल्या कपाटाचे दार कुरकुरायचे थांबले होते. कुणीतरी त्याला तेल घातले होते. बाबांच्या चहाच्या कपाच्या कानाला एकदा पांढरी बोटे उमटलेली दिसली. आता वाटते, मी तेव्हा फार हुशारीने दुसरीकडे पाहिले.

शिमग्याला बाबा गुहागरकडच्या आमच्या गावी गेले. पालखी घरी येते त्या दिवशी घरातला पुरुष दारात असायलाच हवा, या बाबतीत ते कारखान्यातही कुणाचे ऐकत नसत. चार रात्रींसाठी गेले. निघताना ते टाकीपाशी थोडे थांबले, मला काही सांगावे असे त्यांना वाटले असावे, पण मी वहीत मान घालून बसलो होतो.

ते गेल्याच्या दुसऱ्या सकाळी आकडा आला आठ पूर्णांक चार. तिसऱ्या सकाळी आठ पूर्णांक आठ. मी सिरिंज धुतली, पुन्हा मोजले. तेच. बुडबुडे चाळीसच होते. चौथ्या सकाळी छतावरची उन्हाची पट्टी टाकीपर्यंत उतरली तेव्हा तिने मला तीच गोष्ट दाखवली जी मी पाहू इच्छित नव्हतो: कसोटीच्या फांदीचे कोवळे टोक जळून मेलेल्या दातासारखे पांढरे झाले होते. आकडा होता नऊ पूर्णांक दोन.

“अगं बाई,” पाठीमागे चहा घेऊन आलेली आई म्हणाली, “माझ्यामुळे का रे झालं?”

“तुझा काय संबंध?”

“हे सांगून गेले होते. रोज रात्री दहाला ते चाक फिरवून सिलिंडर बंद कर, पहाटे उठशील तेव्हा उघड. मला त्या नळकांड्याला हात लावायला भीती वाटते, म्हणून मी नाही गेले. म्हटलं चार दिवसांनी काय होतंय!”

“बाबा रोज बंद करतात?”

“तू झोपलास की. आणि साडेपाचला उघडतात. पहिल्या दिवसापासून. तुला नव्हतं माहीत?” तिने कप टीपॉयवर ठेवला. “बरं असतात रे ते त्यानंतर. झोप लागते त्यांना.”

त्या क्षणी सारा हिशोब माझ्यापुढे स्वच्छ मांडला गेला. चोवीस तासांसाठी चाळीस बुडबुडे जास्तच होते. रात्री दिवे बंद झाल्यावर पाण्याचा आंबूसपणा आपसूक वाढतो, त्यात माझा गॅस. बाबा साडेसात तास तो थांबवीत होते, म्हणून माझे चाळीस बरोबर ठरत होते. एखादा विद्यार्थी असता तर मी त्याला हे दोन मिनिटांत समजावले असते. पण मी आईला म्हणालो, “त्याने काही फरक पडत नाही. रिएजंट खराब झालाय.”

मी कामावरून येताना नवा रिएजंट आणला. नव्यानेही नऊ पूर्णांक दोनच दाखवले. त्या संध्याकाळी बाबा गुलालाने लाल झालेली टोपी आणि नारळाची पिशवी घेऊन परतले. मी बुडबुड्यांना हात लावला नाही, त्यांना काही विचारले नाही. आठवड्याभरात आकडा उतरत उतरत आठवर आला. त्या चार दिवसांपुढे वहीत मी सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘जुना रिएजंट सदोष.’ त्यानंतर पुढचे सगळे दिवस आठ, आठ, आठ. जळालेल्या टोकाच्या बगलेतून फांदीने दुसरे टोक काढले. आणि मी, खरे सांगायचे तर, पुन्हा अभिमानाने वावरू लागलो. सिलिंडरच्या मागे मात्र मी एकदाही पाहिले नाही.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच फर्डिनंड अंकल आले. रिक्षातून उतरताना त्यांनी झाकण लावलेली बादली मांडीवर लहान मुलासारखी धरली होती. म्हणजे त्यांनी घरीच ठरवले होते. वही नुसते निमित्त होते. पण तीही त्यांनी चष्मा लावून, बोट फिरवत, पानन्पान पाहिली. बाबा खिडकीपाशी उभे होते. आईने ओल्या खोबऱ्याच्या करंज्या केल्या होत्या.

अंकलचे बोट थांबले. “हे चार दिवस?”

“रिएजंट,” मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना सगळे कळत होते. आईने त्यांना सांगितले असणारच. त्यांनी खिशातून रुमाल काढला, बोटे पुसली आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

“होतं असं,” अंकल म्हणाले आणि बाबांकडे वळले. “बाकी ओळ बघा, प्रल्हादभाऊ! माझ्या बारा वर्षांत इतकी सरळ नाही. पोरगा बोलत नाही, पण हात देवाने दिलाय.”

“आहेच हुशार तो,” बाबा म्हणाले. ते मनापासून म्हणाले. त्या आवाजात कुठेही तिढा नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते.

“चला, जागा कर. आधी बादलीतल्या प्रवाळाला टाकीच्या पाण्याची सवय होऊ दे. आणि हे घे.” अंकलनी पिशवीतून एक जाड वही काढली. बारा वर्षांची. पहिल्या पानावर त्यांच्याच वळणदार अक्षरात प्रवाळ कुठून आले, कधी आले हे लिहिले होते, आणि खाली ‘सांभाळणारा’ या शब्दापुढे त्यांचे नाव. त्याच्याखाली त्यांनी तोच शब्द पुन्हा लिहून पुढची जागा मोकळी ठेवली होती. “इथे तुझं नाव लिही. तारीख घाल.”

बादली ठेवायला टाकीच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून ती खालच्या कपाटात ठेवायला मी कपाट उघडून सिलिंडर थोडा बाहेर ओढला. तो फिरला आणि त्याची पाठ माझ्याकडे झाली.

खडूच्या रेघा होत्या. पाचापाचांच्या जुड्या, चार उभ्या आणि त्यांवर एक आडवी. पहिल्या आठवड्यापासून कालपर्यंतच्या, काळ्या रंगावर एकाखाली एक, सरळ ओळींत. मध्ये एका ठिकाणी जुडी अर्धीच सोडलेली होती. तिच्यापुढे चार रेघांएवढी जागा रिकामी ठेवून, त्या जागेत बाबांनी चार लहान शून्ये काढली होती. ते घरी नव्हते त्या चार रात्री. त्या त्यांनी आपल्या नावावर घेतल्या नव्हत्या, लपवल्याही नव्हत्या. शून्यांच्या पुढे रेघा पुन्हा सुरू झाल्या होत्या.

माझ्या वहीत त्याच चार दिवसांपुढे मी काय लिहिले होते ते मला अक्षर न् अक्षर आठवत होते.

मी किती वेळ गुडघ्यांवर बसून राहिलो कोण जाणे. समोरच्या वहिनींनी खिडकी सरकवली असावी. भिंतीवरचे ऊन गेले आणि परत आले. मला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही. पण तिच्या खालून दुसरेच काहीतरी वर येत होते, छाती भरून टाकणारे. एकतीस वर्षे या माणसाने रात्री शेवटचे बाहेर पडून पहाटे पहिले आत पाऊल टाकले होते आणि त्याची नोंद फक्त खडूत ठेवली होती, जी कुणीही फडक्याने पुसू शकला असता. आमच्या घरात इतकी सरळ ओळ ओढणारा माणूस आहे, आणि मी त्याचा मुलगा आहे.

“अरे, नाव लिहितोस ना? पेन नाही काय?” अंकलनी विचारले.

मी उठलो. पेन खिशातच होते. ‘सांभाळणारा’ या शब्दापुढे मी लिहिले: प्रल्हाद गंगाराम मांडवकर. मग खाली, लहान अक्षरांत, माझे नाव.

अंकलनी चष्मा कपाळावर चढवला. “हे काय? यंत्र तू लावलंस ना?”

“यंत्र मी लावलं,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. बाबा खिडकीपासून वळले. आई ताटली हातात धरून थांबली. “रिएजंट चांगला होता, अंकल. त्या चार रात्री बाबा इथे नव्हते. टाकी बाबा सांभाळतात.”